गाढवांना शुक्रवारची सुट्टी

प्रेस्टन,
16 सप्टेंबर 2025

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना,


फोनवर सांगायला बसलं की बाबा दोन मिनिटांत "बरं, ठेव आता, बिल येईल" म्हणतात (व्हॉट्सअ‍ॅपला बिल नसतं हे दादाने सांगून सांगून तोंड दुखलं त्याचं) आणि आई कुकरच्या शिट्ट्या मोजायला उठते. म्हणून हे पत्र. सावकाश वाचा. शेजारच्या काकूंना वाचून दाखवाल तेव्हा भविष्यवाल्या बाईचा भाग तेवढा गाळा.

तर आम्ही शुक्रवार ते रविवार ब्लॅकपूलला जाऊन आलो. आई, पितृपक्ष चालू आहे हे मला ठाऊक आहे. पण शाळा उघडल्या की तिथल्या खोल्यांचे भाव उतरतात, आणि भाव उतरले की तुमच्या जावयांना पंचांग दिसेनासं होतं.

प्रेस्टनहून रेल्वेने जेमतेम अर्धा तास. आता समुद्रकिनारा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे गणपतीपुळे येणार. ते काढून टाका. नारळ नाही, सोलकढी नाही, ऊन तर नाहीच नाही. ब्लॅकपूल म्हणजे आपली वणीची चैत्रातली जत्रा. फरक एवढाच की ही जत्रा दीडशे वर्षांपूर्वी भरली ती अजून उठलेली नाही. पाळणे आहेत, नेमबाजीचे फुगे आहेत, हात बघणाऱ्या बाया आहेत, गोडाचे ठेले आहेत, हरवलेली पोरं आहेत. समुद्रात तीन लांबलचक धक्के घातलेत, त्यांना इथे पिअर म्हणतात. तिन्ही धक्के शंभरीच्या पुढचे, पहिला तर 1863 चा. बोट लागावी म्हणून बांधलेले असतील असं बाबांना वाटेल. आता त्यांवरही पाळणे आणि ठेलेच. समुद्राकडे सगळ्यांची पाठ.

तशी समुद्राचीही आमच्याकडे पाठच होती. आम्ही पोचलो तेव्हा तो जागेवर नव्हता. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की नुसती ओली वाळू दिसते आणि लांब क्षितिजाजवळ एक करडी रेघ. धाकट्याने विचारलं, "आज बंद आहे का?" नंतर पुन्हा किनाऱ्यावर आलो तर तेच पाणी किनाऱ्याच्या भिंतीवर धडका देत होतं. बाबा, आपण गोदेचा पूर दुतोंड्या मारुतीच्या कमरेवर मोजतो ना, तो मारुती इथे वाळूत उभा केला तर बिचारा दिवसातून दोनदा बुडेल. आणि वारा! थोरलीची टोपी उडाली ती आमच्या आधी प्रेस्टनला पोचली असणार. त्या वाऱ्यात इंग्रज आजी-आजोबा घडीच्या खुर्च्या टाकून, गुडघ्यावर घोंगडी घेऊन, थर्मासमधला चहा पीत मजेत बसलेले. थंडी वाजते का विचारलं तर म्हणाले, छे, आज हवा फार छान आहे.

मुलांना गाढवावर बसायचं होतं. ब्लॅकपूलच्या वाळूवर गाढवांची फेरी ही पिढ्यान् पिढ्यांची चाल आहे. आम्ही शुक्रवारी संध्याकाळी वाळूत उतरलो तर गाढव एक नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, शुक्रवारी गाढवांना साप्ताहिक सुट्टी असते. बाबा, चष्मा पुसून पुन्हा वाचा. गाढवांना. साप्ताहिक. सुट्टी. नगरपालिकेचे रीतसर नियम आहेत, 1942 पासूनचे: ड्यूटी सकाळी दहा ते संध्याकाळी सात, मध्ये तासभर जेवणाची सुट्टी, शुक्रवारी पूर्ण आराम, डॉक्टरची तपासणी, आणि साधारण पन्नास किलोंच्या वर वजनाचा माणूस पाठीवर घ्यायचा नाही. तुमच्या कंपनीला शनिवारची सुट्टी मिळायची तीसुद्धा कधी ओव्हरटाइममध्ये जायची, आणि जेवायला अर्धाच तास. युनियनच्या मागणीपत्रात पुढच्या वेळी नुसतं 'ब्लॅकपूलच्या गाढवांप्रमाणे' एवढंच लिहा म्हणावं. जेजुरीला पौष पौर्णिमेच्या बाजारात येणाऱ्या गाढवांना हे कळलं तर तिथेच संप होईल.

शनिवारी सकाळी गाढवं कामावर हजर. प्रत्येकाच्या नाकपट्टीवर नाव. गाढववाले गृहस्थ साठीचे, तोंडात दात थोडे आणि बोलणं फार, धंदा आजोबांपासूनचा. मुलांची फेरी झाल्यावर जावयांनी विचारलं, "मोठ्यांना बसता येतं का?" त्यांनी जावयांच्या पोटाकडे सभ्यपणे पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत. गाढवाने मात्र दोन पावलं मागे घेतली.

आता मुक्कामाचं सांगते, कारण तिथली बाई म्हणजे ब्लॅकपूलचं खरं दर्शन. समुद्रापासून दोन गल्ल्या आत, अरुंद तीनमजली घर, त्यात आठ खोल्या. मालकीणबाई सत्तरीच्या, केस कडक सेट केलेले, पायात सपाता, आणि दारातच पाटी: नाश्ता साडेआठ ते सव्वानऊ, वाळूचे पाय बाहेर झटकावेत, ओले टॉवेल खिडकीत वाळत घालू नयेत, खोलीत स्वयंपाक करू नये. शेवटच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. आई, माझ्या बॅगेत तुझ्या मेतकुटाचा डबा आहे हे त्यांना कसं कळलं असेल?

बोलताना त्या तोंड एवढं मोठं हलवतात की आवाज बंद केला तरी वाक्य समजावं. शनिवारी पाऊस लागला, त्या निवांत होत्या, तेव्हा कारण कळलं. त्यांची आजी बर्नलीच्या कापडगिरणीत विणकरीण होती. मागांच्या खडखडाटात ऐकू काही यायचं नाही, म्हणून त्या बाया ओठांवरून बोलायच्या. आजीचं पाहून आईने उचललं, आईचं पाहून यांनी. गिरणी कधीच गेली, तोंड राहिलं.

त्यांनी सांगितलेली हकिकत बाबांसाठी सविस्तर लिहिते. लँकेशायरच्या प्रत्येक गिरणी-गावाला उन्हाळ्यात एक ठरलेला आठवडा असायचा, 'वेक्स वीक'. त्या आठवड्यात गावातल्या सगळ्या गिरण्या एकदम बंद. बॉयलर साफ करायचे, यंत्रांची दुरुस्ती करायची, आणि माणसांनी निघायचं ते थेट ब्लॅकपूल. 1846 मध्ये रेल्वे आली, त्यानंतर तर अख्खं गाव स्टेशनवर. बोल्टनचा आठवडा वेगळा, ओल्डहॅमचा वेगळा, त्यामुळे ब्लॅकपूलचा धंदा उन्हाळाभर चालू. म्हणजे असं समजा, या आठवड्यात नाशिकची अंबड एमआयडीसी बंद, पुढच्यात सातपूर, त्याच्या पुढच्यात सिन्नर, आणि त्रिमूर्ती चौकातली झाडून सगळी बिऱ्हाडं एकाच गावी, एकाच गल्लीत. घरी ज्या काकूंना चुकवायचं त्याच काकू इथे न्याहारीला समोर. हवाबदल फक्त हवेचाच. सुरुवातीला या सुट्टीचा पगार नसे, म्हणून माणसं वर्षभर भिशी लावायची आणि तो सगळा पैसा एका आठवड्यात उडवून पुढच्या सोमवारी रिकाम्या खिशाने भोंग्याला हजर. पगारी सुट्टीचा कायदा 1938 साली झाला.

आणि आई, हे तुझ्यासाठी. पूर्वी पाहुणे आपापला शिधा आणायचे! प्रत्येक बिऱ्हाडाची बटाट्यांची पिशवी वेगळी, मटण वेगळं, आणि मालकीणबाई ते सगळं एकाच चुलीवर रांधून ज्याचं त्याला वाढायची. बिल खोलीचं आणि सेवेचं. शिवाय टेबलावरच्या मीठ-मिरपुडीचे पैसे निराळे लावायचे. मीठ वापरा की वापरू नका. मी हसले तर त्या गंभीरपणे म्हणाल्या, "आठ बिऱ्हाडांचं मीठ, हंगामभर. हिशोब करून बघ." जावयांनी लगेच मोबाइलवर केला आणि मान डोलावली.

मी म्हटलं, माझ्या आईचं माहेर खानदेशातलं, कापसाचं. अमेरिकेत 1861 ला यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस बंद पडला आणि लँकेशायरवर उपासमार आली, तेव्हा आपल्या मुलखातला कापूस इकडे धावला. इथे त्याला सरसकट 'सुरती' म्हणायचे आणि शिव्याही द्यायचे, कारण आखूड धाग्याचा, सारखा तुटणारा. चर्चमध्ये लोक प्रार्थना करायचे की देवा कापूस पाठव, पण सुरती नको, असा किस्सा अजून सांगतात. बाई म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या घराण्याने माझ्या पणजीला रडवलं." मी म्हटलं, तुमच्या कापडाने आमच्या विणकरांना त्याच्या आधीच रडवलं होतं. फिट्टंफाट झाली, त्यावर त्यांनी चहा दिला. त्याचे पैसे लावले नाहीत, हे मी बिल नीट वाचून सांगते आहे.

दुपारी जावयांनी फिश अँड चिप्स आणले. पितृपक्षात मासे! शिक्षा जागच्या जागी झाली. धक्क्यावर कागदाची पुडी उघडली, पहिला घास तोंडाशी नेला, आणि मागून कोंबडीएवढा समुद्रपक्षी आला तो मासा घेऊन गेला. मी म्हटलं, इथे कावळ्याचं काम सीगल करत असणार, आजे-सासरे येऊन गेले, घास शिवला एकदाचा. हे म्हणाले, आजोबा माळकरी होते, ते मासा कशाला नेतील, चिप्स नेल्या असत्या. चिप्सना मात्र त्या पक्ष्याने चोचही लावली नव्हती. आता यातून काय समजायचं ते सासूबाईंना विचारू नका.

भविष्यवाली बाई त्याच धक्क्यावर, लाकडी खोपटात. बाहेर पाटी की खऱ्याखुऱ्या जिप्सी घराण्यातली, आजी-पणजीपासूनचा वारसा, आणि जुन्या नटनट्यांबरोबरचे फोटो. दोन खोपटी सोडून पुढे आणखी एक खरीखुरी. जावयांचा हात बघून म्हणाली, "तुम्ही समुद्र ओलांडून आला आहात." प्रेस्टनमध्ये राहणाऱ्या, शब्दाशब्दाला मान हलवणाऱ्या माणसाचा हात बघून हे सांगायला तिला पंधरा सेकंद लागले, आणि हे थक्क! मग माझा हात धरून तिसरं मूल होईल म्हणाली. (काकूंसमोर गाळायचं ते हेच. त्या लगेच लोकर आणायला निघतील.)

टॉवरबद्दल बाबा विचारणारच. 1894 चा, 158 मीटर उंच. इथले महापौर जॉन बिकरस्टाफ 1889 च्या प्रदर्शनाला पॅरिसला गेले, आयफेल टॉवर पाहिला आणि घरी येऊन म्हणाले, आपल्यालाही पाहिजे. पॅरिसवाल्यांनी टॉवरच्या पायांमधली जागा मोकळी सोडली. यांनी तिथे इमारत बांधून सर्कस आणि नाचघर घातलं आणि तिकीट लावलं. वरच्या मजल्यावर काचेची जमीन आहे, पाच सेंटिमीटर जाड. थोरली तिच्यावर उड्या मारत होती आणि जावई भिंतीला पाठ लावून काचेच्या गुणवत्तेविषयी शंका काढत होते.

पण नाचघर! आई, सोनेरी नक्षी, छतावर चित्रं, झुंबरं, खाली लाकडाच्या तीस हजारांवर तुकड्यांची जमीन. मधोमध रंगमंचाच्या पोटातून बाजाची पेटी वर येते, वाजवणाऱ्यासकट. रेजिनाल्ड डिक्सन म्हणून एक वादक 1930 पासून चाळीस वर्षं इथे वाजवत होते. त्यांचं नाव निघालं की म्हातारी माणसं अजून हळवी होतात. आम्ही गेलो तेव्हा शंभरेक माणसं नाचत होती आणि त्यातली निम्मी ऐंशीच्या घरातली. एक आजोबा खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी टेबल धरत होते, काठी खुर्चीला लावली, आजींच्या कमरेवर हात ठेवला, आणि वॉल्ट्झ सुरू झाल्याबरोबर गुडघ्यांना ऐकूच आलं नाही की ते दुखतात. पाय जमिनीला लागतोय की नाही कळू नये इतकं हलकं. गाणं संपलं, काठी पुन्हा हातात आली, पुन्हा लंगडत टेबलाशी. मी केक तसाच ठेवून बघत बसले.

तेवढ्यात एका आजींनी जावयांना उठवलं. त्यांचा जोडीदार बरा नव्हता म्हणे. पूर्वी तर इथे नियम होता की बाईमाणूस बरोबर असल्याशिवाय पुरुषाने नाचायचं नाही, म्हणजे जावयांना आता कायदाही अनुकूल. पण यांना येतं काय, तर कॉलेजातली लेझीम. आजी तीनच्या ठेक्यात आणि हे चारच्या. आजींच्या चेहऱ्यावर मंद हसू, पण दोन फेऱ्यांनंतर त्यांनी यांना अलगद आमच्या टेबलाशी आणून सोडलं आणि मला म्हणाल्या, "उत्साह खूप आहे." आमच्याकडे प्रगतीपुस्तकात दुसरं काही लिहिण्यासारखं नसलं की बाई हेच लिहायच्या.

पार्सलमध्ये पाठवते आहे ते 'रॉक'. गुलाबी सालीची साखरेची कांडी, मोडावी तिथे आत 'ब्लॅकपूल' लिहिलेलं, शेवटच्या तुकड्यापर्यंत. बाबा, दाढेने फोडू नका, तुमच्या कॅपला गेल्या वर्षीच एवढे पैसे गेलेत. करताना पाहिली, तुमच्या टूलरूमचीच आठवण आली. साखर आणि ग्लुकोज उकळून गोळा करतात. एक भाग यंत्रावर ओढओढ ओढतात, हवा शिरून तो पांढरा होतो. रंगीत पट्ट्यांची एकेक अक्षरं जुळवतात, हातभर मोठी, मध्ये पांढरं भरतात, सगळी अक्षरं गोल मांडून वरून गुलाबी चादर गुंडाळतात. माणसाच्या धडाएवढा ओंडका होतो. मग तो लाटत, ओढत बोटाएवढा बारीक करत नेतात, अक्षरंही त्याच प्रमाणात बारीक होत जातात आणि बिघडत नाहीत. क्रमसुद्धा ठरलेला: बी, पी अशी चौकटीतली अक्षरं आधी घडवायची कारण ती आकार धरून ठेवतात, ओ, सी अशी गोल मागाहून, कारण गरम साखरेत ती बसकतात.

जावयांनी कारागिराला कागदावर 'अंबड' लिहून दाखवलं आणि होईल का विचारलं. त्याने चष्मा कपाळावर चढवून कागद सुलटा-उलटा करून पाहिला. शिरोरेघ आवडली त्याला. म्हणाला, वरची ही पट्टी सगळ्यांना धरून ठेवेल. 'ब' चालेल, 'ड' जपून. पण 'अ'च्या डोक्यावरचा ठिपका पाहून त्याने मान हलवली. ओढताना तो बाजूच्या अक्षरावर जाऊन बसणार, खात्री नाही देत. म्हणजे कांडीच्या वरच्या टोकाला अंबड आणि चाखत खाली आलं की अबंड. अंबडकर ऐकून घेणार नाहीत.

रात्री दिवे पाहिले. किनाऱ्याने दहा किलोमीटर नुसती रोषणाई, दहा लाखांच्या वर दिवे. याचीही सुरुवात 1879 ची, आठ आर्क दिव्यांनी. त्याला तेव्हा कृत्रिम ऊन म्हणाले, आणि इथली हवा पाहता लोकांनी ते खरंच अंगावर घेतलं असेल. खरी मेख अशी, उन्हाळा सरला की गिऱ्हाईक जातं, म्हणून नेमके ऑगस्टअखेर दिवे लावायचे आणि हंगाम ओढून लांबवायचा. आम्ही विजेच्या ट्राममध्ये बसून निघालो. ट्राम इथे 1885 पासून आहेत. कंडक्टरबाई चांगल्या साठीच्या. तिकीट फाडताना त्या प्रत्येकाला 'लव्ह' म्हणतात, कुत्र्यालाही. जावयांनाही म्हणाल्या. तेव्हापासून हे घरात जरा ताठ चालतात.

दिव्यांच्या मागे एक गल्ली आत गेलं की मात्र अर्ध्या खानावळींच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या दिसतात. विमानं स्वस्त झाली, माणसं स्पेनला जाऊ लागली, तिथे ऊन खरं मिळतं. गिरण्याही गेल्या. बाई म्हणाल्या, "आधी भोंगे बंद झाले, मग आमची दारं." त्यांचा मुलगा ही खानावळ चालवणार नाही, तो मँचेस्टरला संगणकावर काहीतरी करतो. बाबा, तुम्ही गिरणगावातून नाशिकला आलात तेव्हाच्या गोष्टी मी त्यांना जेवढ्या आठवतील तेवढ्या सांगितल्या. त्या ओठ हलवत ऐकत होत्या.

बाकी सर्व ठीक. आईने बीपीच्या गोळ्या वेळेवर घ्याव्यात. दादा-वहिनींना नमस्कार, पिल्लूला पापा.

तुमची,
ताई

ता. क. निघताना बाईंनी विचारलं, तुमच्या गावी समुद्र आहे का? मी म्हटलं नाही, नदी आहे, आणि 2027 च्या सिंहस्थात तिच्यात न्हायला लाखोंनी माणसं येतील. त्यावर श्रद्धा, पापपुण्य यातलं काही एक न विचारता त्या म्हणाल्या, "झोपतात कुठे?" मी आपल्या सिडकोतल्या घराच्या वरच्या दोन खोल्यांचं सांगितलं, तर कागद घेऊन बसल्याच. त्यांचा निरोप असा: पैसे पहिल्या दिवशी घ्यायचे, किल्ली एकालाच द्यायची, नियमांची पाटी पाहुण्यांच्या आधी तयार पाहिजे, आणि नाश्त्याची वेळ एकदा सांगितली की देव आला तरी बदलायची नाही. मी मोबाइलवर त्यांना शाही मिरवणुकीतले नागा साधू दाखवले. त्यांनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, यांना टॉवेल द्यावे लागतील का.